विहीणबाईंचा रस्ता

माझ्या विहीणबाईंची जमीन विकायची असं आमच्या घरात ठरलं, तेव्हा त्या स्वतः वरच्या मजल्यावर आमच्या नातीला आंघोळ घालत होत्या. खाली डायनिंग टेबलावर माझा नवरा, माझा मुलगा आणि लॅपटॉपच्या पडद्यावर विहीणबाईंचा नैरोबीतला मुलगा, असे तीन कर्ते पुरुष बसले होते. सून सोफ्यावर होती, पण ती बाळंतीण, अर्धी झोपेत. मी पोळ्या लाटत होते. मला कोणी विचारलं नाही ते एक वेळ ठीक, पण जिची जमीन तिलाही कोणी विचारलं नाही, हे मला तेव्हाच खटकलं. तव्यावर पोळी होती म्हणून त्या वेळी बोलले नाही. एरवी मी गप्प बसणारी बाई नाही, हे इथे कॅनडात, व्हिटबीतल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे.

ही जमीन केनियात आहे. नैरोबीच्या उत्तरेला, धड खेडं नाही आणि धड शहर नाही अशा एका जिल्ह्यात, चढावर, जेमतेम एकरभर. लाल माती, कॉफीची जुनी झाडं, केळी, मका, एक गाय आणि पत्र्याच्या छपराचं दगडी घर. विहीणबाई तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नैरोबीत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. मुलगी शिकायला कॅनडात आली, नर्स झाली आणि माझ्या मुलाशी लग्न करून आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आली. बाळंतपणाला आई हवी म्हणून विहीणबाई हिवाळ्याच्या तोंडावर इथे पोचल्या. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या आधी उठून अर्धा ड्राइव्हवे शोव्हल करून ठेवला.

आमचं पहिलं भांडण वालावरून झालं. त्यांनी बॅगेतून खास वाल आणले होते, काळे कुळकुळीत, पांढऱ्या नाकाचे. त्यांच्याकडे बाळंतिणीला ते शिजवून, घोटून घालतात, म्हणजे दूध येतं. आमच्याकडे बाळंतिणीला वाल म्हणजे वातूळ, आईच्या पोटात वारा आणि बाळाचं पोट दुखणार. मी डिंकाचे लाडू घेऊन उभी, त्या पातेलं घेऊन उभ्या. आमचं बोलणं इंग्रजीत, त्यांचं तिकडच्या वळणाचं, माझं कोल्हापूरकडचं, त्यामुळे भांडताना दोघींनाही शब्द कमी पडत होते. शेवटी सुनेने दोन्ही खाल्लं आणि काहीही झालं नाही. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तर जमीन. त्या जिल्ह्यातून आता नैरोबीला वळसा घालणारा मोठा डांबरी रस्ता निघाला आहे. रस्त्याची आखणी झाली आणि सगळ्यांची नजर बदलली. कॉफीचे मळे उपटून पन्नास बाय शंभरचे प्लॉट पाडले गेले, तारेची कुंपणं आली, विजेचे खांब आले. विहीणबाईंच्या तिन्ही बाजूंची जमीन एका बिल्डरने घेतली. तिथे उंच भिंतीच्या आत बंगल्यांची वसाहत होणार होती. राहिला ह्यांचा एकर, आणि नेमका तोच रस्त्याला लागून. वसाहतीचं झोकदार गेट यायचं ते ह्यांच्या केळीच्या जागी. त्यामुळे बिल्डरची माणसं नैरोबीतल्या मुलाच्या दुकानात खेटे घालू लागली आणि त्याने इकडे फोन लावायला सुरुवात केली.

बेत असा होता. जमीन विकायची. आलेल्या पैशांतून नैरोबीच्या मुलाने धंदा वाढवायचा, इकडे माझ्या मुलाने आणि सुनेने व्हिटबीच्या उत्तरेला नवी टाउनहाउसेस निघाली आहेत त्यातलं एक घ्यायचं, आणि विहीणबाईंनी आईवडिलांना मिळणाऱ्या लांब मुदतीच्या सुपर व्हिसावर कायमचं तिथे येऊन राहायचं. त्यांना स्वतंत्र खोली, स्वतंत्र वॉशरूम. नातीला आजी, आजीला नात. ऐकायला कसं छान वाटतं. ह्यात कोणाच्याही मनात पाप नव्हतं, हे मी आजही म्हणेन. सगळेजण त्या बाईचं भलं करायला निघाले होते, आणि माझा राग त्याचाच होता.

सगळ्यात उत्साह माझ्या नवऱ्याला. हा निवृत्त सिव्हिल इंजिनियर. ह्या भागातल्या निम्म्या सबडिव्हिजनांची, म्हणजे नव्या वसाहतींची, गटारं आणि पावसाळी पाण्याचे नळ त्याने आखलेत. आम्ही इथे आलो तेव्हा आमच्या रस्त्यापलीकडे मक्याचं शेत होतं. आता तिथे एकसारखी घरं आहेत आणि मध्ये एक तळं, तेही पाणी साचवायला मुद्दाम खणलेलं. त्याला त्या तळ्याचा अभिमान आहे. निवृत्त झाल्यापासून त्याच्या हातांना काम नव्हतं, ते आता मिळालं. कॉम्प्युटरवर उपग्रहाचं चित्र लावून त्याने विहीणबाईंचा एकर मोठा केला, त्यावर रेघा मारल्या आणि बिल्डरला भाव वाढवून मागता यावा म्हणून एक नकाशाच काढला. त्या नकाशात घराच्या जागी गाड्या वळवायची गोल जागा होती. विहीणबाईंना त्याने तो कौतुकाने दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला, छान काढलाय म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

मी जवळच्या एका नगरपालिकेत प्लॅनिंग खात्याच्या काउंटरवर बरीच वर्षं नोकरी केली. कोणाच्या शेजारी काही उभं राहणार असेल तर तशी नोटीस लागते, मग जाहीर सभा होते, आणि ज्याला हरकत असेल त्याला पाच मिनिटं बोलता येतं. मी त्या लोकांची नावं लिहून घ्यायची. म्हातारे शेतकरी कोट घालून यायचे, हातात कागद, आणि पाच मिनिटांतली दोन घसा साफ करण्यात जायची. सगळे शांतपणे ऐकायचे. मग जे व्हायचं तेच व्हायचं. पण निदान विचारायचे तरी. आमच्या टेबलावर तेवढंही झालं नव्हतं, आणि मी ते दोनदा बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, तू ह्याला ऑफिसचं काम समजू नकोस, हे घरातलं आहे. घरातलं असलं की विचारायचं नसतं, हे मला नवीनच कळलं.

त्यात गंमत अशी, की विहीणबाई काहीच बोलत नव्हत्या. जमिनीचा विषय निघाला की त्या उठून जायच्या. माझा मुलगा टेबलावर येऊन बसला की त्या आपलं ताट घेऊन ओट्याशी उभ्या राहायच्या. त्याने थेट काही विचारलं तर डोक्यावरचा रुमाल नीट करायच्या, खाली बघून हसायच्या आणि बाळाकडे जायच्या. आमच्या घराने त्याचा अर्थ आपल्या सवयीप्रमाणे लावला. मुलीची आई, जावयाच्या घरी राहतेय, लाजते. बोलत नाही म्हणजे तिची काही हरकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण मुलीच्या आईला असंच वाचत आलोय.

फेब्रुवारीत माझ्या मुलाने वकिलाची वेळ घेतली. विहीणबाईंनी आपल्या मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यायचं, म्हणजे तो तिकडे सही करून व्यवहार उरकू शकेल. शनिवारी अकरा वाजता, आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या प्लाझात, डेंटिस्ट आणि पिझ्झाच्या दुकानाच्या मध्ये वकिलाचं ऑफिस आहे तिथे. मी मुलाला विचारलं, त्यांना मान्य आहे का. तो फोनवर घरांचे फोटो बघत होता. "आई, शी डिडन्ट से नो," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी वाल सोलायला बसले. आता मीही ते करायला शिकले होते, रात्रभर भिजवून, मोड आणून, आमच्या पद्धतीने बिरड्यासारखे. विहीणबाई समोर बसून सोलू लागल्या. मुलगा ऑफिसमध्ये, नवरा तळ्याकाठी फिरायला, सून आणि बाळ झोपलेलं. मी सरळ विचारलं, तुम्हाला जमीन विकायची आहे का.

त्यांनी हातातला दाणा सोलून टाकला. मग म्हणाल्या, विकायची नाही. मी म्हटलं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीत. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की इतकी शिकलेली बाई आणि एवढं कळू नये. त्यांच्यात सासू जावयाला तोंडावर नाही म्हणत नाही. सासू आणि जावई एका टेबलावर जेवतसुद्धा नाहीत. दोघांनी एकमेकांचा मान राखून लांब राहायचं. काही बोलायचं असेल तर मधल्या माणसाने बोलायचं. विषय निघाला की मी उठून जात होते, त्या म्हणाल्या, ह्याहून मोठ्याने नाही कसं म्हणायचं.

आणि मला त्यांचं अंगण आठवलं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही बोलणी करायला तिकडे गेलो होतो. त्यांच्यात देणंघेणं उलटं. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं, नम्रपणे बसायचं आणि द्यायचं, तेही बकऱ्यांच्या भाषेत, जरी आता बकऱ्या कोणी हाकत नेत नसलं तरी. माझा नवरा मराठी मंडळाच्या दर कार्यक्रमात, आम्ही लग्नात एक पैचा हुंडा घेतला नाही, हे सांगत आलाय. तिथे मांडवात त्याला बाजूच्या खुर्चीत बसवलं. तो काही बोलायला गेला तर सगळ्यांनी हसून त्याला गप्प केलं. कोणत्याही बाजूने थेट बोलायचं नसतं, दोन्हीकडून एकेक जाणतं माणूस बाजू मांडतं. आमच्याकडून बोलायला आमचं असं कोणी नव्हतं, म्हणून गावातल्याच एका आजोबांना त्यांनी आमच्या बाजूला बसायला दिलं. ते आजोबा आमच्यासाठी स्वतःच्या गावकऱ्यांशी दुपारभर इतके हिरिरीने भांडले, की मला वाटलं आता लग्न मोडतंय. मग सगळे एकदम हसले आणि जेवण वाढलं. आपल्या समोरच्या पक्षाला वकील उसना द्यायचा, ही पद्धत मला फार आवडली होती.

विहीणबाईंनी मग मला रस्त्याचं सांगितलं. त्यांच्या घरापर्यंत आजवर मुरमाचा रस्ता आहे. मुरूम हाच शब्द तिथेही आहे. पावसाळ्यात त्या चढावर गाडी चढत नाही. त्यांचे यजमान आजारी पडले ते नेमके पावसात. शेजाऱ्यांनी सामान ओढायच्या हातगाडीवर त्यांना घालून खाली मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, चाकं चिखलात रुतत होती आणि ह्या मागून ढकलत होत्या. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर दरवर्षी ह्या गावातल्या बायकांना घेऊन सरकारी कचेरीत जायच्या. साहेब बदलायचे, निवडणुका व्हायच्या, आश्वासनं मिळायची आणि ह्या पुन्हा जायच्या. शाळेची नोकरी सांभाळून, चिखल तुडवत.

"हा रस्ता मी मागितलाय," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मी तो मागितला. आता तो माझ्या दारात येतोय, तर सगळे म्हणतात तू ऊठ. का? मी चालेन की त्याच्यावर."

मला भडभडून आलं. सोललेले वाल तसेच ठेवून मी त्यांचा हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, पण रडल्याही नाहीत. उलट शाळेतल्या बाई प्रश्न विचारतात तशा आवाजात मला म्हणाल्या, की ह्या घरात माझ्या बाजूने बोलायला कोणी नाही. तुम्ही बोलाल का. मी मुलाची आई आहे हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. म्हणूनच तर त्यांनी विचारलं होतं.

सुनेला मी त्या रात्री काही सांगितलं नाही. ती मधल्यामध्ये चिरडली जाईल असं वाटलं. मुलालाही एकट्याला गाठून समजावलं नाही. त्याने मला गोड बोलून गुंडाळलं असतं, तेवढा तो माझाच आहे. जे टेबलावर ठरलं ते टेबलावरच मोडायचं असं मी ठरवलं.

शनिवारी सकाळी मी पोहे केले. मुलगा गाडीची किल्ली बोटात फिरवत वर आला. लॅपटॉपवर नैरोबीचे चिरंजीव आधीच हजर, तिकडे संध्याकाळ. नवऱ्याने नकाशाची गुंडाळी घेतली होती, वकिलाला काय करायचा होता कोण जाणे. विहीणबाई बाळाला घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. मी माझी रोजची खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला नेऊन ठेवली आणि तिथे बसले. त्यांना शेजारी बसवलं. मग म्हटलं, आज मी मुलीकडची आहे, आणि विहीणबाईंच्या वतीने बोलते. जमीन विकायची नाही. कुलमुखत्यारपत्र होणार नाही.

नवऱ्याला आधी थट्टा वाटली. मग त्याने समजुतीचा सूर लावला. तिन्ही बाजूंनी भिंत येणार, उजेड जाणार, रस्त्याचे ट्रक दिवसरात्र, पाण्याचा दाब कमी होणार, एकटी बाई तिथे काय करणार. सगळं खरं होतं. मी म्हटलं, ते त्या बघतील, इतकी वर्षं पाहिलंच आहे. नैरोबीच्या मुलाने पडद्यावरून काहीतरी सुरू केलं, त्याला त्याच्या आईने त्यांच्या भाषेत एकच वाक्य ऐकवलं आणि तो तिथेच थांबला. त्याच्याशी त्या थेट बोलू शकत होत्या, तो जावई नव्हता.

माझा मुलगा लाल झाला. "आई, तू काय करतेयस? आम्ही त्यांना रस्त्यावर टाकतोय का? शी विल लिव्ह विथ अस. आम्ही डाउन पेमेंटसाठी कुठून आणायचे पैसे? यू नो हाऊ द मार्केट इज."

"मला मार्केट माहीत आहे," मी म्हटलं. "पण मुलीच्या आईची जमीन विकून मुलाने घर घ्यायचं, ह्याला आपल्याकडे एक शब्द आहे. हुंडा."

पोह्यांचा चमचा कोणाच्या तरी बशीत वाजला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नाच्या इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "दॅट्स नॉट फेअर. आम्ही कोणी काही मागितलं नाही. ही हेल्प आहे, फॅमिली आहे."

"हुंडा घेणारे कधीच हुंडा म्हणत नाहीत रे," मी म्हटलं. "मदतच म्हणतात. मुलीच्या सुखासाठी म्हणतात. तुझ्या आज्जीच्या काळातही तेच म्हणायचे. आणि ज्या मांडवात आपण मान खाली घालून बसलो होतो तिथे आपल्याला काय सांगितलं होतं? मुलाकडचे देतात. तू तिथे हो म्हणून आलास. आता त्यांच्या घराच्या जागी गोल रस्ता काढून तुझे बाबा मला दाखवतात आणि तू मला सांगतोस की त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्या रोज नाही म्हणत होत्या. तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

मी आवाज चढवला होता हे मला मान्य आहे. बाळ रडायला लागलं. सून सोफ्यावरून उठली. मला वाटलं ती आता माझ्यावर चिडेल, कारण घर तिलाही हवं होतं, बेसमेंटच्या त्या एका खिडकीला ती कंटाळली होती आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. तिने आईकडून बाळ घेतलं, एका हाताने फोन उचलला आणि वकिलाच्या ऑफिसला फोन लावून सांगितलं, की आम्ही आज येत नाही, आणि नवी वेळही नको. मग ती आईशेजारी, माझ्या पलीकडे बसली. दोघी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. मी अर्थ विचारला नाही.

त्या दिवशी कोणी जेवलं नाही. मुलगा गाडी घेऊन कुठेतरी गेला आणि संध्याकाळी आला तो थेट खाली. मला वाईट वाटलं, रात्रभर वाटत राहिलं. पण एकदाही असं वाटलं नाही की हे बोलायला नको होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला विहीणबाई परत गेल्या. विमानतळावर जाताना त्यांनी माझ्या मुलाला निरोप माझ्यामार्फतच दिला, तो शेजारी गाडी चालवत असताना. गेल्याबरोबर त्यांनी पहिलं काम केलं ते फाटकावर पत्र्याची पाटी ठोकायचं. तिकडे मालक परगावी असला की भलतेच लोक त्याची जमीन परस्पर विकतात, म्हणून लोक दारावर लिहून ठेवतात, ही जमीन विकायची नाही. ह्यांनी तेच लिहिलं, फक्त शाळेच्या फळ्यावर लिहायच्या त्या वळणदार अक्षरात. फोटो पाठवला तेव्हा त्याखाली त्या स्वतः उभ्या होत्या, छत्री घेऊन.

नवरा दोन आठवडे माझ्याशी मोजकं बोलत होता. हुंड्याचा शब्द त्याला फार लागला होता, आणि लागावा म्हणूनच मी तो वापरला होता. मग एक दिवस तो त्याच उपग्रहाच्या चित्रापुढे बसलेला दिसला. मी म्हटलं, आता कोणाच्या घरावरून रस्ता काढताय. तो मान वर न करता म्हणाला, की तिथे रस्त्याची पातळी चुकली आहे. नवा रस्ता विहीणबाईंच्या जमिनीपेक्षा उंच येतोय, पहिल्याच पावसात सगळं पाणी त्यांच्या घरात शिरेल. फाटकासमोर रस्त्याखालून मोठा पाइप टाकायला हवा, आणि उताराला चर. त्याने ते सगळं काढलं, मापांसकट. अर्थात, तो काढताना दर पाच मिनिटांनी मला ऐकवत होता, की विकली असती तर हा त्रासच झाला नसता.

तिथेही जाहीर सभा होते, मोठ्या तंबूत, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. विहीणबाईंनी त्या सभेत नकाशा उघडून धरला आणि बोलल्या. पाच मिनिटं नाही, चांगला बराच वेळ. सोबत गावातल्या त्याच बायका होत्या. त्यांना पाइप मिळाला. नवऱ्याने सांगितला होता त्याच्या निम्म्या आकाराचा. पावसात पाणी अजूनही अंगणात येतं, पण घरात येत नाही. नवरा म्हणतो, निम्म्या पाइपाला काय अर्थ आहे. मी म्हणते, आमच्या काउंटरवर तर लोकांना पाव पाइपही मिळायचा नाही.

टाउनहाउस झालं नाही. मुलगा आणि सून टोरोंटोला भाड्याच्या कॉन्डोत गेले, सबवेजवळ, एक बेडरूम आणि डेन नावाची कपाटाएवढी खोली. बाळाचा पाळणा त्या डेनमध्ये. आता नात मला दोन आठवड्यांतून एकदा दिसते आणि येताना तिच्या अंगाला नवा वास असतो, माझ्या घराचा नसलेला. हे मला टोचतं. नवरा एकदा रागाच्या भरात म्हणाला, तुझ्यामुळे मुलगा गेला. मी म्हटलं, हो, माझ्यामुळे. त्याच्या वयाच्या माणसाने भाड्याच्या घरात राहून स्वतःचं घर जमवायचं असतं. आपण दोघांनी तेच केलं होतं.

मुलगा फोन करतो. कामापुरतं बोलतो, बाळाचा ताप, गाडीचे विंटर टायर बेसमेंटमध्ये आहेत का. मी विचारलं त्याचं उत्तर देतो, त्याहून जास्त नाही. मीही मिनतवारी करत नाही.

परवा विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या तिन्ही बाजूंनी आता भिंत उठली आहे आणि भिंतीपलीकडे दुमजली बंगले. त्यांच्या दारात रस्ता आहे, प्रवाशांच्या छोट्या गाड्या फाटकासमोर थांबतात, त्या तिथूनच चर्चला जातात. बंगल्यांत लोक राहायला आले, आणि त्यांनी तक्रार केली की बाल्कनीतून ह्यांची गाय दिसते आणि शेणाचा वास येतो. बिल्डरचा माणूस गावच्या प्रमुखाला घेऊन आला. आजूबाजूला आता सगळं सुधारलंय, तेव्हा गाय हलवावी, असं म्हणाला. विहीणबाईंनी त्या दोघांना चहा दिला, दूध त्याच गायीचं. त्यांचं सगळं ऐकून घेतलं. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी जाऊन दुसरी गाय घेऊन आल्या.

मी इतकी हसले की नवरा वरून धावत आला. त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला, टायरबद्दल. मी त्याला सांगितलं, तुझ्या सासूने दुसरी गाय घेतली.

मागे नात रडत होती. ती डेनमध्ये असणार, आवाज अगदी फोनाला चिकटून येत होता. मुलगा म्हणाला, "का? एक होती ना?"

"हो," मी म्हटलं. "पण त्यांच्याकडे जागा आहे."